प्रतिसाद: कॉर्कचा पॅट्रिक स्ट्रीट वाकडा का?

एकाने विचारलंय की आयर्लंडमधल्या कॉर्क शहराचा मुख्य रस्ता, सेंट पॅट्रिक्स स्ट्रीट, असा धनुष्यासारखा का वळतो. कारण त्याखाली नदी आहे. जुनं शहर ली नदीच्या दलदलीतल्या बेटांवर वसलं आणि मधल्या प्रवाहांतून गलबतं थेट दारापर्यंत यायची. 18व्या शतकात एकेक प्रवाह बुजवून किंवा कमानींनी झाकून रस्ते केले. ग्रँड पॅरेड आणि साउथ मॉलही तसेच.

पुरावा साउथ मॉलवर दिसतो. काही घरांचं मुख्य दार वरच्या मजल्यावर, तिथवर दगडी पायऱ्या, आणि पायऱ्यांखाली बुटकं दार. त्या खालच्या दारातून माल उतरवायचे. हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका! मोठ्या भरतीला पूर्वेकडून वारा आला की पाणी आजही याच सखल रस्त्यांवर चढतं.

पॅट्रिक स्ट्रीटच्या दक्षिण बाजूच्या इमारती तुलनेने नव्या वाटतात, कारण डिसेंबर 1920 मध्ये ब्रिटिश दलांनी लावलेल्या आगीत तो भाग जळला. तेव्हाच जळालेला सिटी हॉल 1936 मध्ये नव्याने उभा राहिला.

मग नदीवरचा पूल ओलांडून उत्तरेला शँडन या भागाचा चढ चढा. तिथल्या सेंट अ‍ॅन चर्चच्या मनोऱ्याच्या दोन बाजू लाल वालुकाश्माच्या, दोन पांढऱ्या चुनखडीच्या. 132 पायऱ्या आहेत, वाट अरुंद. पाठपिशवी खालीच ठेवलेली बरी. घंटा तुम्हाला स्वतः दोर ओढून वाजवता येतात. इंग्लिश मार्केट हे खाद्यपदार्थांचं जुनं मार्केट (1788 पासूनचं) रविवारी बंद असतं, म्हणून शनिवार गाठा.