इन्सिडंट कमांडर कोर्स करून होतो का? (कालच्या पोस्टला उत्तर, लांबलंय)

बंबवाला_२२
काल एकानं पोस्ट टाकली होती, की इमर्जन्सी मॅनेजमेंटमध्ये वर जायचं असेल तर फील्डवर वर्षं घालवू नका, तीन सर्टिफिकेटं करा, इंग्रजी सुधारा, कंट्रोल रूम चालवायला शिका, पाच वर्षांत लीडर, म्हणजे घटनास्थळी हुकूम देणारा इन्सिडंट कमांडर, व्हाल. खाली सगळे "मस्त माहिती सर" लिहून मोकळे. नाइट करून आलो, वाचलं, झोपच उडाली, म्हणून लिहून राहिलो.

मी बावीस वर्षं फायरमध्ये आहे, आता लीडिंग फायरमन. घर नागपुरात, नोकरी बाहेर, गावाचं नाव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका जिनिंगच्या गोदामाला आग लागली. साहेब नवे, कोर्स करून थेट आलेले, माणूस वाईट नव्हता. वरची ज्वाळ बसली, धूर पांढरा झाला, साहेब म्हणाले आटपा, होज (पाण्याचा पाइप) गुंडाळा. आमच्या पंप ऑपरेटरनं दोनदा सांगितलं, साहेब, कापसाची गठाण आतून जळते, पट्ट्या तोडून फोडल्याशिवाय विझत नाही. त्यानं एका गठाणीत बोटं खुपसून दाखवली, वरून पाणी टपकत होतं अन् आत इतकं गरम की बोट टेकवत नव्हतं. साहेबांनी ऐकलं नाही. मला वाटते ऐकलं असतं तर मालकासमोर, लोकांसमोर खाली आल्यासारखं वाटलं असतं त्यांना. पहाटे साडेतीनला परत वर्दी, म्हणजे आगीचा कॉल, अन् यावेळी शेजारचं गोदाम पण धरलेलं.

तो पंप ऑपरेटर सब ऑफिसरच्या कोर्ससाठी दरवर्षी अर्ज करत होता. दरवर्षी उत्तर एकच, माणसं कमी आहेत, पुढच्या वर्षी पाहू. तसाच रिटायर झाला. राष्ट्रीय अग्निशमन कॉलेज १९५७ पासून आपल्या नागपुरात आहे. नागरी संरक्षण कॉलेजही त्याच वर्षीचं, आता तिथं एनडीआरएफची अकादमी आहे. देशभरातून लोक इथं शिकायला येतात अन् शंभर किलोमीटरवरच्या फायरमनला सुट्टी मिळत नाही. त्याबद्दल पोस्टमध्ये एक ओळ नाही.

लीडर म्हणजे काय हे एनडीएमएनं (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण) २०१० च्या आयआरएसमध्येच, म्हणजे आपत्तीत कोणी काय करायचं त्या नियमावलीत, लिहून ठेवलं आहे, कमांड एकाकडे, एका माणसाखाली मोजकीच माणसं, अन् वरचा आला की रीतसर चार्ज द्यायचा. चार्ज देताना अन् घेताना माणूस कळतो. ते तीन सर्टिफिकेटांत कुठं शिकवतात?

फायरइंजि_नागपूर
काका, ती पोस्ट माझी नाही पण बाजू मी घेणार. मी फायर इंजिनिअरिंग केलंय, सध्या इंडस्ट्रीत सेफ्टीला आहे.

तुमचा अनुभव खरा, पण अनुभवानं माणसं मरतात हेही खरं. माझ्या मामांच्या गावात गटारात एक जण उतरला, बेशुद्ध पडला, त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा. तिसरा म्हणजे गावातला सगळ्यात अनुभवी माणूस, वीस वर्षं विहिरी उपसणारा. म्हणाला वास येत नाही, गॅस नाही. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की नाकच बधिर होतं, वास येणं बंद होणं हीच धोक्याची खूण असते, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. आधी गॅस मीटर, मग बीए सेट (श्वासासाठी हवेची टाकी अन् मास्क), मग दोर, मग माणूस. हे वर्गातच कळतं, पहिल्या वर्दीवर शिकायला गेलात तर दुसरी वर्दी मिळत नाही. तिघंही गेले.

आणि दुसरी गोष्ट. हर्षिनी कान्हेकर २००२ मध्ये याच अग्निशमन कॉलेजात गेल्या, तिथल्या पहिल्या विद्यार्थिनी, नागपूरच्याच. तेव्हापासून इतकी वर्षं झाली तरी मला ट्रेनिंगमध्ये एका सीनिअरनं होज हातातून काढून घेतला आणि "मॅडम तुम्ही रजिस्टर सांभाळा" म्हटलं. तो सीनिअर भरपूर अनुभवी होता. फील्ड सगळ्यांना फील्डवर येऊ देत नाही काका. माझ्यासाठी दरवाजा सर्टिफिकेटनंच उघडला. ते कागद आहेत म्हणून हिणवू नका.

बंबवाला_२२
हिणवलं नाही. वाच परत. कोर्सला पाठवा हेच तर मी म्हणून राहिलो.

फायरइंजि_नागपूर
"कोर्स करून थेट आलेले" हे शब्द तुमचेच आहेत.

कॉर्पोरेशन_कॉलनी
तुम्ही दोघं गठाणी अन् गटारावर भांडा, मला २३ सप्टेंबर २०२३ बद्दल बोलायचं आहे. शनिवारची पहाट. नागपूरचा अंबाझरी तलाव भरून वाहिला अन् नाग नदी आमच्या घरात. माझी आई अंथरुणाला खिळलेली, दिवाणावर ठेवली, दिवाणाला पाणी लागलं तर डायनिंग टेबलवर ठेवली. अंधारात फ्रिज तरंगून दाराला येऊन अडकला, दार उघडेना. बोट गल्लीच्या तोंडापर्यंत आली, टॉर्च दिसला, अन् दुसरीकडे वळली. का वळली आजपर्यंत माहीत नाही. आम्हाला उठवलं ते समोरच्या अपार्टमेंटच्या चौकीदारानं, एकेका दारावर काठी आपटत गेला, मागच्या भिंतीवरून आत येऊन आईला त्यानं अन् माझ्या मुलानं उचललं. त्याच्याकडे कोणतं सर्टिफिकेट होतं?

धंतोली_कट्टा
ताई, लीडरशिपचा प्रश्नच नाही तिथं. ओव्हरफ्लोच्या तोंडाशी स्मारक बांधलं, नाल्यावर पार्किंग, नदीला भिंती घालून गटार केलं, मग पाणी जाईल कुठं? हायकोर्टात केस झाली त्यावर. आणा जगातला सगळ्यात भारी इन्सिडंट कमांडर, तो पाण्याला काय ऑर्डर देणार?

विदर्भ_वारा
स्मारकाच्या मागं का लागता राजेहो, विवेकानंदांचं स्मारक आहे ते. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, कुठलंही शहर बुडलं असतं. तलाव दीडशे वर्षांहून जुना आहे, त्याचं कोणी बोलत नाही.

धंतोली_कट्टा
विवेकानंदांबद्दल एक शब्द बोललो नाही मी. जागेबद्दल बोललो. जागा चुकली हे म्हणायला श्रद्धा कशाला मोजता?

विदर्भ_वारा
तुम्ही लोकं प्रत्येक गोष्टीत राजकारण आणता.

धंतोली_कट्टा
माझ्या भावाचं दुकान गेलं त्या पाण्यात, पूर्ण माल. राजकारण काहून म्हणता त्याला? तुमच्या घरात चिखल शिरला होता का? नसेल तर गप्प बसा.

कॉर्पोरेशन_कॉलनी
माझ्या आईच्या गोष्टीवर तुम्ही दोघं स्मारक घेऊन बसलात. थांबा आता.

वॉर्डन_काका
थांबाच. मी सिव्हिल डिफेन्समध्ये होतो, वय सत्तरीच्या पुढं. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदी मोवाडमध्ये शिरली, आपल्याच जिल्ह्यातलं, नरखेड तालुक्यातलं गाव. दोनशेच्या वर माणसं गेली. आम्ही मदतीला पोचलो तेव्हा एका घराची फक्त चूल उभी होती, भिंती नाहीत, चूल तेवढी, अन् वर तवा तसाच. तिथं गेलो तेव्हा पहिला तास कोण कोणाचं ऐकायचं यातच गेला. महसूलचे वेगळे, पोलिस वेगळे, आम्ही वेगळे, गावातली पोरं वेगळी. गाव कोणाला माहीत? पोरांना. दोर कोणाकडे? आमच्याकडे. दोघांची गाठ घालून देणारा माणूस नव्हता. मग एका तलाठ्यानं पोरांना बोलावलं, प्रत्येक तुकडीत गावातलं एक पोरगं दिलं, अन् काम सुरू झालं. त्याचं पद तिथं सगळ्यात लहान होतं, तरी सगळ्यांनी ऐकलं.

२००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा नंतर आला, त्यानं जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचा अध्यक्ष कलेक्टर झाला, ते बरंच झालं, निदान प्रश्न कोणाला विचारायचा हे कळलं. पण कलेक्टर दोन-तीन वर्षांनी बदलतो. आल्यावर जिल्ह्याचे नाले समजून घेईपर्यंत पावसाळे निघून जातात. गल्ली ज्याला पाठ आहे त्याला टेबलावर बसवलंच पाहिजे, मग तो चौकीदार का असेना. बंबवाला भाऊ, तुमचं म्हणणं मला पटते. पण ती पोरगी गॅसबद्दल बोलली ते उडवू नका, मी माझ्या डोळ्यानं पाहिलं आहे विहिरीत उतरलेले.

बंबवाला_२२
काका, उडवलं नाही, उत्तर द्यायला वेळ लागला कारण विचार करून राहिलो होतो. खरं सांगतो. पाच वर्षांआधी मी उतरलो असतो. दोर बांधून उतरलो असतो पण मीटर लावला नसता, कारण आमच्याकडे मीटर होता तो कपाटात होता अन् चावी स्टोअरकीपरकडे. गटाराच्या बाबतीत तुझं म्हणणं मान्य, बाई. होज हातातून काढून घेणाऱ्याचंही मान्य, ते मी पाहिलं आहे अन् तेव्हा काही बोललो नव्हतो. बोलायला पाहिजे होतं.

पण पाच वर्षांत लीडर, हे मान्य नाही. मरेपर्यंत नाही.

फायरइंजि_नागपूर
पाच वर्षं ती पोस्टवाल्याची, माझी नाहीत. गठाणीचं मलाही मान्य आहे, आमच्या पुस्तकात एक परिच्छेद होता त्यावर, बोटं घालून पाहा असं त्यात लिहिलेलं नव्हतं. तुमच्याकडचे किती जण सब ऑफिसरला बसू शकतात? हायड्रॉलिक्सलाच अडकतात ना बहुतेक?

बंबवाला_२२
दोघं आहेत. बारावी सायन्स, डोकं आहे, इंग्रजी पुस्तक पाहिलं की मिटतात. पंपाचं प्रेशर हातानं बरोबर सांगतात, फॉर्म्युल्यात मांडता येत नाही.

फायरइंजि_नागपूर
मी मराठीत नोट्स काढते. रविवारी दोन तास ऑनलाइन पण घेईन. त्यांनी मला पंपावर उभं राहू द्यायचं, रजिस्टर नाही.

बंबवाला_२२
नोट्स पाठव. पंपाचं साहेबांना विचारावं लागेल, पण विचारतो.

कॉर्पोरेशन_कॉलनी
वॉर्डन काका, गल्ली पाठ असलेल्याला टेबलावर बसवा म्हणालात. आमच्या गल्लीत एकतीस घरं, चार ठिकाणी अंथरुणावरची माणसं, एका घरी ऑक्सिजन. ही यादी मी आज वहीत केली आहे, चौकीदाराचा नंबर पहिला लिहिला आहे. ही वही नेमकी कोणाच्या टेबलावर नेऊन देऊ? पद सांगू नका, तिथं बसणारा माणूस सांगा, जून यायच्या आत भेटून येते.