शब्दचर्चा: माकूलला 'बुद्धी' असते की 'समज'?

हर्णैकर:
मुलांच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मराठीत तक्ता करतोय, विषय माकूल (म्हणजे कटलफिश, समुद्रफेस ज्याच्या पाठीतून निघतो तो, नाहीतर आपल्याकडे स्क्विडलापण माकूलच म्हणतात). २०२१ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी त्याला दोन खाणी दिली, कोळंबीचा तुकडा लगेच घे नाहीतर थांब आणि आवडती जिवंत कोळंबी मिळव, तर माकूल थांबले, ५० ते १३० सेकंदांपर्यंत! याला शिक्षक म्हणतात 'उपजत प्रवृत्ती' लिहा. मला नाही पटत, कारण जिवंत कोळंबी मिळणारच नाही असं असलं की ते थांबत नव्हते, सरळ तुकडा खायचे. मग 'बुद्धी' लिहू का?

वेंगुर्ल्याची मावशी:
उपजत नकोच, तुझं बरोबर आहे. पण बाळा, बुद्धी म्हटलं की लोक लगेच विचारतात, माणसापेक्षा कमी की जास्त? २००७ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठातल्या आयुमु नावाच्या चिंपांझीने पडद्यावर ०.२१ सेकंद दिसलेले आकडे कुठे कुठे होते ते कॉलेजच्या पोरांपेक्षा बरोबर सांगितलं, झालं, सगळीकडे 'माणसापेक्षा हुशार'. पुढे सराव केलेल्या माणसांनीपण ते जमवून दाखवलं. त्याची नजर आणि आठवण पक्की होती, तेवढंच म्हणायचं होतं. 'समज' म्हटलं की कशाची समज ते सांगावं लागतं, म्हणून मला तो शब्द आवडतो. आमच्याकडे कावळ्याला 'शाणो' म्हणतात, बोलताना छान आहे पण तक्त्यावर नको.

हर्णैकर:
मावशी, मग ऑक्टोपसला काय लिहू? इंडोनेशियात तो नारळाच्या करवंट्या पोटाखाली धरून वाळूवरून अवघडत चालत नेतो, आणि लपायची वेळ आली की दोन जोडून आत बसतो, २००९ मध्ये ते छापून आलंय. मी 'बेगमी' लिहिलंय.

वेंगुर्ल्याची मावशी:
बेगमी पावसाळ्यासाठी सुके मासे, तांदूळ भरून ठेवतो त्याची. खाण्यापिण्याच्या साठ्याला म्हणतात. इथे 'तजवीज' बसतं, वाटेत त्या ओझ्याचा काही उपयोग नसतो, उलट चालायला त्रास, तरी पुढची सोय म्हणून तो वाहतो.

हर्णैकर:
'तजवीज' घेतो. आणि माकूलला 'संयम'?

वेंगुर्ल्याची मावशी:
संयमात मन आवरणं आलं, ते माकूल करतो की नाही कोण सांगणार. 'धीर धरतो' लिही, खाली सेकंद लिही.