डोक्याला मार: आधी रक्त तपासायचं की थेट सीटी?

गगनबावडेकर
उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉलीला मागनं धडकणारे गाडीवाले वाढतात. माणूस बोलतोय, चालतोय, पण डोकं ठणकतंय. मग एकच उत्तर: कोल्हापूरला न्या, डोक्याचा सीटी स्कॅन काढा. पन्नासेक किलोमीटर, रातचं गाडीभाडं, आणि बहुतेकदा सीटीत काही निघत नाही.
मेंदूला मार बसला की जीएफएपी आणि यूसीएच-एल१ ही प्रथिनं रक्तात उतरतात. ती मोजणारी पहिली चाचणी अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामकानं, २०१८ मध्ये मान्य केली. २०२४ मध्ये शिरेतल्या रक्तावर १५ मिनिटांत निकाल देणारी आली, हातात मावणाऱ्या यंत्रावरची. हे यंत्र आधी तालुक्याला द्या. शहरात सीटी हाकेवर आहे, तिथं काय अडलंय?

शाहूपुरीतला डॉक्टर
आकडे पुरते मांडा की. २०१८ च्या चाचणीमागचा अभ्यास १९५९ जखमींवर झाला. निगेटिव्ह, म्हणजे सीटी टाळता येईल असे, आले फक्त ६७१. म्हणजे तीनातले दोघं तुमच्या यंत्रानंतरही कोल्हापूरलाच येणार, वर चाचणीचा खर्च. त्या ६७१ मधल्या तिघांच्या सीटीत इजा दिसलीच.

गगनबावडेकर
आणि तिसऱ्याचा हेलपाटा वाचला, ते? शिवाय त्या तिघांपैकी एकालाही मेंदूच्या ऑपरेशनची गरज नव्हती, हेही सांगा.

पेठेतला गोलकीपर
माझी भीती निराळीच. शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या मॅचमध्ये दोघं एकाच बॉलला उडी मारतात, डोक्याला डोकं आपटतं, पोरगं क्षणभर भंजाळतं. उद्या रिपोर्ट निगेटिव्ह आला की मंडळवाले म्हणणार, "काय झालं न्हाई, उतर मैदानात." निगेटिव्हचा अर्थ एवढाच, की सीटीत रक्तस्राव वगैरे दिसायची शक्यता फार कमी. हादरा बसलाच नाही असं ती चाचणी कुठं म्हणते? दुसरा मार पहिल्यापेक्षा महाग पडतो, आणि सेमीफायनलच्या आदल्या दिवशी हे कोण ऐकून घेणार?

नाईट ड्यूटी
पिऊन पडलेल्याचं कुणी बोललंच नाही. तो दारूनं बरळतोय की डोक्यातल्या रक्तस्रावानं, हे रात्री दोन वाजता नुसतं बघून सांगून दाखवा. अशा वेळी रक्ताचा आकडा हाताशी असलेला बरा.

शाहूपुरीतला डॉक्टर
अशाला तर सीटीच हवी! २०२४ ची ही चाचणी आहे ती १८ वर्षांवरच्यांसाठी, मार लागून २४ तास उलटायच्या आत, आणि शुद्धीचा ग्लासगो स्कोर १३ ते १५ (१५ म्हणजे पूर्ण शुद्धीत) असेल तरच. दारूड्याचा स्कोर कसा धरणार? आणि यंत्रात घालायची चाचणीची डबी, कार्ट्रिज, फ्रिजमध्ये ठेवावी लागते. पावसाळ्यात गगनबावड्याची लाईट किती वेळा जाते, ते तुम्हालाच ठाऊक.

गगनबावडेकर
लसी कुठं ठेवतात मग? त्याच फ्रिजात एक कप्पा द्या.