हरण्या रोगावरचा संशोधन प्रस्ताव दुसऱ्यांदा परत आला

प्रश्न : रावेर पट्ट्यातल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. केळीवरच्या हरण्या रोगावर (कुकुंबर मोझॅक विषाणू) प्रस्ताव पाठवला होता. शेरा आला, ‘व्याप्ती फार मोठी’. उद्दिष्टं सात होती. आता काय कापू?

केळीवाला भाऊ : सात? भाऊ, मीही एकदा सहा लिहिली होती, पाचव्या पानावर वाचणारा झोपला असणार. एकच प्रश्न धरा : बांधावरच्या कोणत्या तणात हा विषाणू दबा धरून बसतो? मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) तिथून केळीवर येतो, हे माहीत आहेच. तुमच्या तालुक्यातली तणं कोणती, एवढंच सिद्ध करा.

दुसरं, वेळापत्रक. रोग दिसतो पावसाळी ढगाळ हवेत, मृगबागेत (जून-जुलैत लावलेल्या बागेत). तुम्ही नमुने गोळा करायला जानेवारी लिहिलाय का? माझा पहिला प्रस्ताव त्यातच गेला. परीक्षकाने फक्त ‘जुलै?’ एवढंच लिहिलं होतं.

विषाणू आरएनएचा आहे (त्याचं जनुकीय द्रव्य आरएनए, ते नाजूक असतं), नमुना गरमीत लगेच खराब होतो. थर्माकोलची पेटी, बर्फ, गाडीभाडं बजेटमध्ये धरा. आपल्याकडचं ऊन दिल्लीत बसून कळत नाही.

प्रश्नकर्ता : जानेवारीच लिहिलाय. पीसीआर यंत्र (नमुन्यातला विषाणू ओळखायला लागणारं) मागू का?

केळीवाला भाऊ : नका मागू. ज्यांच्याकडे आहे त्यांचं वापराचं संमतीपत्र जोडा, सही-शिक्क्यासह. ते पत्र मिळायला मला तीन आठवडे लागले, तेव्हा उद्याच निघा.

एक ताई : कोटेशनच्या तारखाही बघा. माझी जुनी निघाली होती.