अ‍ॅन्झॅक बिस्किटं: तुमच्या घरची पद्धत आणि आठवणी लिहा

साखरभात
परवा सुपरमार्केटात शिरल्या शिरल्या समोरच गोल्डन सिरपचे (साखरेच्या घट्ट सोनेरी पाकाचे) डबे रचलेले दिसले आणि एकदम आमच्या शेजारच्या आजी आठवल्या. २५ एप्रिल, म्हणजे अ‍ॅन्झॅक डे (पहिल्या महायुद्धातल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांचा स्मरणदिन), जवळ आला की मेलबर्नमध्ये हे डबे पुढे येतात. आम्ही इथे नवीन होतो तेव्हा कुंपणापलीकडे त्या एकट्या राहायच्या. त्यांचे वडील त्या युद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला होते, पण घरी त्याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत म्हणे. आजीही फारसं बोलायच्या नाहीत. फक्त अ‍ॅन्झॅक डेच्या आदल्या दिवशी मला हाक मारायच्या आणि हातात लाकडी डाव द्यायच्या.

प्रमाण त्यांचंच देते. मैदा १ कप, जाड रोल्ड ओट्स १ कप (झटपट शिजणारे नकोत), डेसिकेटेड खोबरं पाऊण कप, साखर पाऊण कप. लोणी १२५ ग्रॅम आणि गोल्डन सिरप २ मोठे चमचे मंद आचेवर वितळवायचं. २ मोठे चमचे उकळत्या पाण्यात १ छोटा चमचा खायचा सोडा कालवून त्यात ओतायचा. हा क्षण मला फार आवडतो. भसकन सोनेरी फेस वर येतो आणि बघता बघता पातेल्याच्या काठाला लागतो. म्हणून पातेलं मोठंच घ्या. फेस जिवंत आहे तोवर कोरड्या जिनसांत ओता, गोळे वळा, जरा चपटे करा आणि लांब लांब ठेवा, कारण ते पसरतात. ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसवर १२ ते १५ मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊ लागतात, हात लावू नका, गार झाली की धरतात.

आजी आता नाहीत. तुमच्याकडे कशी करता, कुणी शिकवली, लिहा ना.

रात्रपाळी
मी वृद्धाश्रमात काम करते, सिडनीजवळ. आमच्याकडे त्या दिवशी पहाटेच सगळे उठून बसतात, टीव्हीवर डॉन सर्व्हिस (पहाटेची स्मरणसभा) लागते. बिगुल वाजलं की चमच्याचासुद्धा आवाज नसतो. नंतर चहा आणि ही बिस्किटं. कवळीवाले चहात बुडवतात, बाकीच्यांना कडक लागतात. दोन्ही पार्ट्यांसाठी वेगळे ट्रे. सुट्टी संपली, नंतर येते.

वाटाण्याची उसळ
आमच्या सासूबाई इथे आल्या की बाहेरचं बिस्किट हातात घेतलं की पहिला प्रश्न, अंडं आहे का? ही बिनअंड्याची आहेत म्हटल्यावर त्यांनी स्वतः ओटा ताब्यात घेतला. संकष्टीला चालतील का हेही विचारून झालं, मैदा नि ओट्स म्हटल्यावर विषय मिटला. जाताना डबा भरून पुण्याला नेला. तिकडे आठवडेच्या आठवडे टिकली, शेवटची दोन नातवाच्या शाळेच्या डब्यात गेली.

दुर्गभटक्या
@वाटाण्याची उसळ, अंडं नसण्याचं कारणच ते. युद्धाच्या काळात अंड्यांची चणचण होती आणि अंडं नसलं की खाऊ टिकतो. मात्र 'सैनिक खंदकात हीच खायचे' असं सगळीकडे सांगतात, ते तसं नाही. त्यांना मिळायचं ते दगडासारखं रेशनचं बिस्किट, पाण्यात भिजवून किंवा फोडून लापशी करून खावं लागे. आपली ही ओट्सची बिस्किटं घरोघरी आणि निधी जमवण्याच्या विक्रीत जास्त दिसली. खोबरं तर नंतर आलं, आधीच्या कृतींत नसायचं.

आणि 'अ‍ॅन्झॅक' हा शब्द ऑस्ट्रेलियात १९२१ पासून कायद्याने जपलेला आहे. बिस्किटांना सूट आहे, पण पारंपरिक कृती फार बदलायची नाही आणि 'कुकी' म्हणून विकायचं नाही. चॉकलेट घालून अ‍ॅन्झॅक म्हणून विकाल तर पत्र येऊ शकतं. मला हे फार योग्य वाटतं.

अजून एक. २५ एप्रिल १९१५ लाच भारतीय पहाडी तोफखान्याच्या तुकड्याही गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरल्या होत्या, खेचरांवर तोफा लादून. ४ जूनच्या लढाईत १४ व्या शीख पलटणीची तर भयंकर हानी झाली. इथल्या मराठी मुलांना हे सांगा, शाळेत ताठ मानेने उभी राहतील.

माणदेशी
आमच्या पणजोबांच्या वेळी गावात 'बसऱ्याला गेले' असं म्हणायचे, म्हणजे मेसोपोटेमियात, आजच्या इराकात. मराठा पलटणी तिकडेच होत्या ना?

दुर्गभटक्या
हो, १०३, ११० आणि ११७ व्या मराठा पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये होत्या. तिथल्या कूत शहराला तुर्कांचा वेढा पडला, शेवटी २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. उपासमार इतकी की घोडे खायची वेळ आली. पणजोबा परतले का?

माणदेशी
परतले. पदक आजीने पितळी डब्यात ठेवलं होतं, कोथिंबिरीच्या बियांबरोबर. बिस्किटांच्या धाग्यावर हे लिहावंसं वाटलं, राग नसावा.

साखरभात
राग कसला दादा, याच्यासाठीच तर धागा आहे. पदकावर नाव कोरलेलं असतं कडेला, बघा.

पेरूची फोड
नाशिकला गोल्डन सिरप मिळत नाहीये. मध चालेल? मुलीच्या प्रोजेक्टसाठी हवंय, उद्याच 🙏

पंचगंगेकाठी
मध नको ताई, लवकर करपतं. पातळ काकवी घ्या. रंग गडद येतो, फेस मात्र झक्क येतो. आमच्याकडे गुऱ्हाळ लागलं की बरणीभर आणून ठेवतो, भाकरीबरोबर, आणि आता यातही. आच जरा कमी ठेवा.

कीवीकाकू
ऑकलंडहून लिहितेय, आम्हाला विसरू नका, अ‍ॅन्झॅकमधला 'न्झ' आमचा 🙂 बर्केनहेडचा चेल्सी साखर कारखाना १८८४ पासूनचा, त्यांचं सिरप इथे घरोघरी. साखरभात, तुझ्या कृतीत एक गोष्ट लिही. ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचा २० मिलीचा, आमचा आणि भारतातला बहुतेक १५ चा. सिरप आणि पाणी दोन्ही मोठ्या चमच्याने आहे, म्हणजे मिश्रण कोरडं पडून भुगा होतो. आमच्याकडे पावणेतीन चमचे घे असं सांगते मी सगळ्यांना.

साखरभात
काकू, हे सोन्यासारखं सांगितलंत. वर दुरुस्त करता येत नाहीये, म्हणून सगळ्यांनी कीवीकाकूंचं वाचा. @पेरूची फोड, विशेषतः तुम्ही.

खारी आणि चहा
मला हे वाचून आमच्या पेठेतली भट्टी आठवली. दिवाळीआधी घरून तूप, रवा, मैदा, पिठीसाखर डब्यात भरून न्यायचो, बेकरीवाला तिथेच मळून नानकटाई भाजून द्यायचा. आई बाकावर बसून राहायची, आपलं तूप आपल्याच पिठात पडतंय ना बघायला. पत्र्याच्या डब्यावर खडूने आडनाव. अजून कुठे भाजून देतात का पुण्यात? 

वाटाण्याची उसळ
आमची आईसुद्धा! आणि गरम डबा रिक्षात मांडीवर घेऊन यायचं, पाय भाजायचे, तरी झाकण उघडून एक खायचंच.

रात्रपाळी
आले परत. कडक हवी असतील तर साखर ब्राऊन नको, पांढरीच घ्या आणि दोन मिनिटं जास्त ठेवा. चिवट हवी असतील तर ब्राऊन शुगर आणि कडा सोनेरी झाल्या की बाहेर.

पेरूची फोड
काकवी मिळाली!! आता शेवटचा प्रश्न, डेसिकेटेड खोबरंही संपलंय दुकानात. ओला नारळ खवून?

कीवीकाकू
ओला नको गं, पाणी सुटेल आणि मऊ पडतील. सुकी खोबऱ्याची वाटी बारीक किसणीवर किस, भाजू नकोस, ओव्हनमध्ये आपोआप भाजतं. काळी पाठ सुरीने खरवडून टाक आधी.