खचणारे अंथरुणातच राहतात म्हणे!

येळ्ळूरची लेक : काल ग्रुपवर एकाने लिहिलं, "लकवा मनाच्या जोरावर जातो. आमचे मामा तीन महिन्यांत काठी टाकून बेळगावच्या गणपत गल्लीत फिरले. खचणारे अंथरुणातच राहतात." रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून लिहिते. आमच्या आप्पांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. नातू समोर आला की हमसून रडायचे. शेजारच्या काकू दिराच्या मयताचं सांगायला आल्या, तेव्हा आप्पा खदाखदा हसले. काकू उठून गेल्या, अजून उंबरा चढल्या नाहीत. रडू-हसू आवरणारे मेंदूतले मार्गच दुखावले की असं होतं, हे आम्हाला सहा महिन्यांनी कळलं. पक्षाघात झालेल्या तिघांपैकी साधारण एकाला नैराश्य येतं. जखम मेंदूला झालीय, आणि त्याच मेंदूला घट्ट हो म्हणायचं?

खानापूरवाला : ती पोस्ट माझीच. ताई, मी कुणाला हिणवलं नाही. मामा पहाटे पाचला अंगणात बांधलेली दोरी धरून वीस फेऱ्या मारायचे, पडले तर परत उठायचे. आम्ही कुरवाळत बसलो असतो तर आज खाटेवर असते. तुम्ही जिद्दीची किंमतच शून्य करताय.

निपाणीची सिस्टर : मामांना झटका केवढा होता, कुठे होता, हे कुणी विचारलं? साडेचार तासांच्या आत दवाखाना गाठला आणि मेंदूत रक्तस्राव नसला, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा बहुतेकांत वेगाने होतेच. नैराश्यावर गोळ्या आहेत, आणि ते उतरल्याशिवाय माणूस फिजिओला हातसुद्धा देत नाही. कबुतराचं रक्त चोळण्यात दोन दिवस घालवून आणलेले पेशंट मी बघते. त्यांच्या जिद्दीत काय कमी होतं?

वडगावचा मागवाला : वाचेचं कुणी बोलेना म्हणून सांगतो. आमची आई उभा जन्म मराठी बोलली. स्पीच थेरपीला नेलं तर चित्र दाखवून कन्नडमध्ये "इदु एनु?", म्हणजे हे काय? आईने तोंड मिटलं. तिथल्यांनी कागदावर लिहिलं, "प्रतिसाद नाही". घरी येऊन मी मागाचा धोटा हातात दिला, तर "धो... धो..." करायला लागली. माणूस मनाने उठावा म्हणता, आणि त्याची भाषाच दाराबाहेर ठेवता!

हुक्केरीचा मास्तर : आला सीमाप्रश्न! आजारपणात तरी सोडा की ओ. माझ्या वडिलांना शिकवणारी पोरगी हुबळीची होती. त्यांच्यासाठी पन्नास मराठी शब्द वहीत लिहून पाठ केले तिने. कन्नड बोलतो तो वैरी, असं पोरांच्या डोक्यात भरू नका.

वडगावचा मागवाला : वैरी कोण म्हणालं? ओळ दाखवा! १५-२० टक्के भाषिक अल्पसंख्य असतील तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे १९५६ पासून केंद्राच्या कागदावर आहे. आईच्या वाट्याला एक चित्रांची वही आली नाही. त्या हुबळीच्या मुलीला माझा नमस्कार सांगा. पण प्रत्येकाच्या नशिबी ती येत नाही मास्तर, म्हणूनच मागतोय.

निपाणीची सिस्टर : दोन भाषा येणाऱ्याच्या दोन्ही भाषा सारख्याच परततील असं नसतं. कधी एकच आधी येते, म्हणून घरची भाषा तपासायलाच हवी. एवढं मागवाल्यांचं बरोबर. आणि आईंना भजन म्हणायला लावा. बोलता न येणारे कितीतरी जण गाऊ शकतात.

वडगावचा मागवाला : म्हणते! स्वतःचं नाव सांगता येत नाही, पण टाळ हातात दिला की अख्खा अभंग म्हणते.

हुक्केरीचा मास्तर : बरं, घरच्या भाषेत तपासणी हवी, हे मान्य. वडिलांच्या वेळची ती चित्रांची वही आमच्याकडे आहे. मराठी शब्द लिहिलेले आहेत. घेऊन जा.

खानापूरवाला : काल हे सगळं मामींना वाचून दाखवलं. त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "फेऱ्या झाल्या की ते गोठ्यात जाऊन रडायचे. कुणाला सांगू नको म्हणून मला शपथ घातली होती." आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. "खचणारे अंथरुणातच राहतात" हे वाक्य मी काढतो. जिद्दीचं लिहिलेलं काढणार नाही.

येळ्ळूरची लेक : नका काढू. अजून रडतात का, ते मामींना विचारा. रडत असतील तर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेला, १४४१६ वर फोन लावा, पैसे लागत नाहीत. आणि मामींनाही बोलू द्या त्या फोनवर.