कोल्हापुरात घर घेण्याआधी त्या भागात वर्षभर भाड्यानं राहावं का?

टाकाळ्याचा
माझं मत आधीच सांगतो, पटलं नाही तर खुशाल खोडून काढा. बाहेरून कोल्हापुरात येणाऱ्यानं, किंवा निम्मं आयुष्य पुण्या-मुंबईत काढून परतणाऱ्यानं, आल्या आल्या फ्लॅट बुक करू नये. ज्या भागात घ्यायचाय तिथं आधी भाड्यानं राहावं. एक पावसाळा आणि एक मे महिना निघाला पाहिजे.

डिसेंबरात बघायला गेलात तर सगळंच झकास. नागाळा पार्कात झाडी, पाचगावात मोकळी हवा, फुलेवाडीच्या पुढं अजून उसाची शेतं. खरं काय ते जुलैच्या शेवटी कळतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. दोन्ही वेळा सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्काचा खालचा भाग पाण्यात होता. लोकांना वाटतं नदीकाठ टाळला की सुटलो. व्हीनस कॉर्नरवरून नदी दिसते का? तिथं पाणी येतं ते जयंती नाल्यातून उलटं चढून.

गेल्या वर्षी एका पाहुण्यांबरोबर फ्लॅट बघायला गेलो होतो. पार्किंगची भिंत नवी कोरी रंगवलेली, पण फक्त निम्म्या उंचीपर्यंत. विजेचे मीटर पहिल्या जिन्याच्या वळणावर, हात पुरणार नाही इतके वर. मीटर एवढे वर का, असं विचारलं तर एजंट म्हणतो, "पोरं खेळताना हात लावतात ओ."

हिशेबनीस
सल्ला चांगला आहे, पण खिशात पैसे खुळखुळणाऱ्यांसाठी. वर्षभराचं भाडं, डिपॉझिट, दोनदा सामान हलवायचा टेम्पो, पोरांची शाळा, गॅसचा पत्ता, सगळं दोनदा. हे कुणाला परवडतं? शिवाय दर तुमच्यासाठी थांबणार आहेत का? १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं सुरू झाल्यापासून सीपीआर दवाखाना, ताराबाई पार्क, न्यू शाहूपुरी या पट्ट्यात वकील मंडळी ऑफिस आणि फ्लॅट शोधत फिरतायत. वर्षभर पावसाळा बघत बसा, तोवर बजेटमधला फ्लॅट गेलेला असेल.

आणि ज्या गल्लीत घ्यायचाय त्याच गल्लीत भाड्याचं घर मिळेल कशावरून? मिळणार चार गल्ल्या सोडून. तिथला अनुभव इथं काय कामाचा?

गंगावेसची
टाकाळ्याचे, मला दुसरीच शंका आहे. तुमचा सल्ला उलट घातक ठरू शकतो. २०१९ नि २०२१ सारखा पूर काही दरवर्षी येत नाही. समजा माणूस मधल्या एखाद्या साध्या वर्षात राहिला. पाणी पायरीलासुद्धा लागलं नाही. मग तो छातीठोकपणे सांगणार, मी स्वतः राहून बघितलंय, इथं काही होत नाही. नि घेणार.

आमचं माहेर गंगावेसला, नदी हाकेच्या अंतरावर. पूर किती येणार हे आमच्यातले म्हातारेसुद्धा सांगू शकत नाहीत. कुठं येणार ते मात्र बिनचूक सांगतात. तेव्हा राहण्यापेक्षा विचारावं, आणि नीट विचारावं. "इथं पाणी येतं का?" असं विचारलं की लोक नाहीच म्हणतात, प्रत्येकाला आपल्या घराच्या किमतीची काळजी. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा, "२०२१ ला माल कुठल्या फळीवर चढवला होतासा?" तो फळी दाखवतो.

पुढचं काम कागदाचं. जागा कुठल्या वापराच्या पट्ट्यात येते त्याचा झोन दाखला काढा, पूररेषेच्या नकाशावर गट नंबर बघा. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत असेल तर विषय तिथंच संपवा. दोन्हींच्या मधे असेल तर जोत्याची उंची मोजून घ्या, बिल्डर काय सांगतो ते ऐकत बसू नका.

नाद_पेठेचा
एवढं डोकं कशाला लावताय? पेठेत घ्या. अंबाबाई जवळ, तालीम जवळ, दूध समोर पिळून मिळतंय. विषय संपला.

हिशेबनीस
आणि गाडी कुठं लावायची? तालमीत?

नाद_पेठेचा
गाडी लागतीय कशाला भावा पेठेत!

आर_के_नगर
वर पाचगावचं नाव आलंच आहे, म्हणजे आता टँकरवर गाडी येणार. म्हणून आधीच बोलतो. हो, आमच्याकडं उन्हाळ्यात पाण्याची बोंब असते. दारात निळी बॅरलं दिसतात. बोअरचं पाणी इतकं जड की गिझरची कॉइल टिकत नाही, नळाच्या तोंडाला पांढरा थर धरतो. घर बघायला आलात तर हॉलमधली टाइल्स बघू नका, बाथरूमचा नळ बघा.

पण शहरवाल्यांनी फार मिरवू नये. २०१९ ला महापालिकेची शिंगणापूर, बालिंग्याची उपसा केंद्रं पाण्यात गेली तेव्हा अख्ख्या शहराचे नळ कोरडे पडले. खाली गुडघाभर पाणी नि नळाला थेंब नाही. राजारामपुरीतले, टाकाळ्याचे, सगळे टँकरमागं कळशी घेऊन पळत होते, पुराच्या रेषेपासून कितीही वर असले तरी. थेट पाइपलाइनचं काळम्मावाडी धरणाचं पाणी आलं ते २०२३ च्या दिवाळीत. आमच्याकडं निदान पूर तरी नाही. मला विचाराल तर माळावरच घ्या, पण गच्चीवर टाकी मोठी बांधा.

टाकाळ्याचा
आर के नगर, टँकरमागं पळालो हे खरं, नाकारत नाही. पण तुम्ही माझाच मुद्दा सांगताय. नळाचा पांढरा थर बघायचा असतो हे तुम्हाला तिथं राहिल्यामुळं कळलं.

गंगावेसच्या ताई, पूर वर्षभर राहून कळत नाही, हे मान्य. तो कागदावरच बघावा. पण रोजच्या जगण्यातल्या बाकीच्या गोष्टी कुठल्या दाखल्यावर लिहिलेल्या असतात? पाणी पहाटे चारला येतं की संध्याकाळी. केएमटीची सिटी बस दिवसातून किती वेळा फिरकते. कसबा बावड्याकडं गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवतात आणि गच्चीत वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते. एप्रिलमध्ये घर बघणाऱ्याला हे कोण सांगणार?

बावड्याची_सून
काजळी पडते, मग कपडे आत वाळत घालायचे. हंगाम बारमाही नसतो. बावड्यात आजही दार उघडं टाकून शेजारी जाता येतं, तेही लिहा की.

सातबारा
सगळे पाण्यावर बोलताय, हद्दीवर कुणीच नाही. फसगत तिथं जास्त होते. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडी हे सगळं शहराला चिकटलेलं, बोलताना कोल्हापूरच म्हणतात, पण महापालिकेत नाही. नगरपालिकेची महापालिका झाली १९७२ ला, हद्द तेव्हापासून आहे तिथंच. दर निवडणुकीला हद्दवाढीचा विषय निघतो, गावं विरोधात बंद पाळतात, विषय परत फडताळात.

याचा खरेदीशी काय संबंध? २०१७ ला शहराभोवतीच्या भागासाठी नागरी विकास प्राधिकरण झालं, त्यात ४२ गावं घातली. म्हणून या गावांत बांधकाम परवाना कुणी दिलाय ते बघा. सरपंचाच्या सहीचा दाखला नि घरफाळ्याची पावती दाखवून "सगळं क्लिअर आहे" म्हणणारे भरपूर आहेत. घरफाळा भरला म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. जमीन एनए म्हणजे बिगरशेती नसेल, एक-दोन गुंठ्यांचे बेकायदा तुकडे पाडून विकलेलं असेल, तर बँक कर्जाला पाय मागं घेते. ज्या घराला बँक कर्ज देत नाही ते पुढं विकताना गिऱ्हाईकही रोखीवालंच शोधावं लागतं. हे वर्षभर भाड्यानं राहून कळणार नाही. एका वकिलाची फी द्या, आठवड्यात कळेल.

हिशेबनीस
सातबारा, शंभर टक्के. वकिलाची फी एकीकडं नि वर्षाचं भाडं एकीकडं, लावा हिशेब.

पुण्यात_अडकलेला
मंडळी, माझी अडचण वेगळी आहे. घर आई-बाबांसाठी घ्यायचंय. दोघंही सत्तरीच्या पुढं. त्यांना वर्षभर भाड्यानं ठेवून पुन्हा हलवणं शक्य नाही. नागाळा पार्कात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट बघितलाय, लिफ्ट आहे, दवाखाने जवळ. पाणी आलंच तर पार्किंगमध्ये येईल, तिसऱ्या मजल्याला काय धोका, असं ब्रोकरचं म्हणणं. पटण्यासारखं वाटतंय.

गंगावेसची
दादा, थांबा जरा. इमारतीत पाणी शिरलं की त्या भागाची वीज बंद करतात, करावीच लागते. वीज नाही म्हणजे लिफ्ट नाही, पाण्याची मोटर नाही. घर कोरडं राहील, पण आई-बाबा तिसऱ्या मजल्यावर अडकून पडतील. २०१९ ला अशा कितीतरी म्हाताऱ्या माणसांना जिन्यावरून खुर्चीत बसवून उतरवलं, खालून बोटीनं नेलं. पूर ओसरल्यावरही मीटर तपासून जोडणी होईपर्यंत दिवस जातात. आणि तुम्ही पुण्यातून निघालात तरी शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, पोचणार कसे? दोन्ही पुरांत रस्ता बंद होता.

टाकाळ्याचा
हे मात्र मलाही सुचलं नव्हतं. अडकलेले साहेब, तुम्हाला भाड्याचा आग्रह नाही करत. पण निदान जुलैत सुट्टी काढून या, त्या बिल्डिंगच्या रस्त्यानं सकाळी-संध्याकाळी चाला.

आर_के_नगर
माळावर या. पाण्याची सोय आम्ही बघू.

पुण्यात_अडकलेला
आर के नगर, आईचा गुडघा आणि बॅरलं, जमायचं नाही. नागाळा पार्कवाल्याला टोकन दिलेलं नाही अजून, ते आता थांबवतो. सागरमाळ, सम्राटनगर, प्रतिभानगर या पट्ट्यात तळमजल्याचं घर किंवा छोटं रो हाउस कुणाच्या माहितीत आहे का? महापालिकेचं पाणी हवं आणि रिक्षा दारापर्यंत यायला हवी.

सातबारा
आहेत दोन-तीन. आधी बजेट सांगा, आणि कागद बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.